गुंडू खेकडा आणि चिंचोक्यांचा डाव : मुलांना हवामानशास्त्र शिकवण्याची एक पद्धत

पाचवी ते सातवीच्या मुलांना हवामानबदल शिकवायचा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी एखादे हसरे झाड किंवा घाम पुसणारी पृथ्वी उभी राहते, आणि त्या शुभंकराच्या तोंडी ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे वाक्य आपोआप जाऊन बसते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी स्वतः हा प्रकार वर्षभर केला. पुठ्ठ्याचे झाड चांगले पुरुषभर उंच होते आणि मुलांना ते आवडतही होते. पण वर्षाअखेरीस ‘पृथ्वी का तापते आहे?’ एवढेच विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी ‘ओझोनला भोक पडल्यामुळे’ असे लिहून दिले. झाडाने घोषणा पाठ करून घेतल्या होत्या, कारण मात्र कोणालाच समजले नव्हते. पुढच्या जूनमध्ये ते झाड अडगळीच्या खोलीत गेले आणि त्याच्या जागी एक खेकडा आला. या खेकड्याचे वैशिष्ट्य असे की तो नेहमी चुकतो.

पुढची सारी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. सर्वज्ञ शुभंकर बोलतो आणि मुले ऐकतात; चुकणारा शुभंकर बोलतो तेव्हा मुलांना त्याला खोडून काढावे लागते, आणि खोडण्यासाठी हातात पुरावा असावा लागतो. हा पुरावा मुलांनी स्वतः मोजलेला किंवा खेळातून स्वतः मिळवलेला असावा, एवढे पथ्य शिक्षकाने पाळले तर बाकीचे काम मुलेच करतात.

खेकडाच का, याचे उत्तर शेताच्या बांधावर आहे. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील मुलाला शेतातला खेकडा ओळखून द्यावा लागत नाही. तो उन्हाळाभर बांधातल्या ओल्या बिळात दडून बसतो, कारण तो कल्ल्यांनी श्वास घेतो आणि ते कल्ले ओले राहिले नाहीत तर तो जगत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री बॅटरी घेऊन मुले त्याच्याच मागे असतात. त्याने बांध पोखरला म्हणून वडील त्याला शिव्या घालतात, तेही मुलाने ऐकलेले असते. म्हणजे पाऊस, ओल आणि उष्णता यांच्याशी त्याचे नाते मुलाला आधीच ठाऊक आहे. अथणी किंवा रायबागकडच्या ऊस-ज्वारीच्या पट्ट्यात मात्र हाच खेकडा ओढून आणू नये. तिकडे टिटवी अधिक शोभेल, कारण टिटवीने अंडी उंच जागी घातली तर पाऊस जास्त, असे घरोघरी सांगितले जाते आणि ते तपासून पाहता येण्याजोगे विधान आहे.

बाहुला तयार करायला खर्च जवळजवळ नाही. नारळाची अर्धी करवंटी पाठीसाठी, खराट्याच्या काड्या पायांसाठी आणि जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यांतून कापलेल्या दोन नांग्या एवढे साहित्य पुरते. पाय आठ आणि नांग्या दोन, असे मोजून दहा अवयव लावावेत. आमच्या पहिल्या खेकड्याला घाईत सहाच पाय लावले गेले होते आणि पाचवीतल्या एका मुलीने पहिल्याच मिनिटाला ‘सर, ह्यो किडा हाय, खेकडा न्हवं’ असे सांगून मला गप्प केले. नाव मुलांनाच ठेवू द्यावे. आमच्याकडे ‘गुंडू’ ठरले. शेजारच्या कन्नड वर्गातली मुले डावाला येतात तेव्हा त्याला ‘एडी’ म्हणतात, आणि त्यांच्यातल्या कोणी ‘मळे बंतु’, म्हणजे पाऊस आला, असे सांगितले की गुंडू हमखास ‘कोणाचे मळे?’ असे विचारतो. हा विनोद सीमाभागाबाहेर कोणाला कळणार नाही, पण इथे तो दरवर्षी चालतो.

हवा आणि हवामान

पहिले दोन आठवडे शब्दांसाठीच ठेवावेत, असे माझे मत आहे. मराठी भूगोलात आज-उद्याच्या स्थितीला ‘हवा’ आणि दीर्घकाळाच्या सरासरीला ‘हवामान’ म्हणतात. व्यवहारात मात्र ‘हवामान खात्याचा अंदाज’ म्हणताना आपण आज-उद्याविषयीच बोलत असतो. आमच्या मुलांची अडचण त्याहून एक पायरी पुढची आहे, कारण कन्नड भूगोलात आज-उद्याच्या स्थितीला ‘हवामान’ आणि दीर्घकाळाच्या स्थितीला ‘वायुगुण’ असे शब्द आहेत. म्हणजे एकच शब्द एका भाषेत एका अर्थाने आणि दुसऱ्या भाषेत जवळपास उलट अर्थाने मुलाच्या कानावर पडतो. हा घोळ फळ्यावर दोन रकाने आखून एकदा उघड करावा. तो लपवल्यास पुढे सहा महिने तो आतून त्रास देत राहतो.

गुंडूची पहिली चूक इथेच येते. जानेवारीत थंडी पडली की तो म्हणतो, ‘एवढी थंडी पडली, मग पृथ्वी तापते म्हणणारे खोटेच!’ आणि मृगात पाऊस आला नाही की म्हणतो, ‘बघा, हवामान बदलले!’ दोन्ही विधाने सारखीच चुकीची आहेत, हे मुलांना फाशांनी दाखवता येते. लाकडी ठोकळ्यांचे दोन फासे घ्यावेत. एकाची एक बाजू तांबड्या रंगाने रंगवावी आणि दुसऱ्याच्या दोन बाजू. तांबडी बाजू म्हणजे अतिवृष्टीचे वर्ष; पहिला फासा म्हणजे आधीचे हवामान आणि दुसरा म्हणजे बदललेले. एका टाकण्यावरून हातात कोणता फासा आहे हे कोणालाच ओळखता येत नाही. प्रत्येक गटाने ३० वेळा फासा टाकून काड्या मांडाव्यात. पहिल्या फाशाला तांबडे साधारण ५ वेळा आणि दुसऱ्याला साधारण १० वेळा पडते. एखाद्या गटाला ३ किंवा ८ मिळतात, तेही पुसू नयेत, कारण सगळ्या गटांची बेरीज केली की फरक ठळक दिसतो आणि सरासरी लांब काळाची का काढायची हे आपोआप समजते. ३० हा आकडा मनाने घेतलेला नाही. हवामानाची सरासरी ३० वर्षांची काढण्याची जागतिक हवामान संघटनेची पद्धत आहे आणि सध्याचा संदर्भकाळ १९९१ ते २०२० असा आहे. फाशावरच्या तांबड्या बाजू खेळापुरत्या आहेत, बेळगावच्या पावसाचा तो हिशेब नव्हे, हे मात्र सांगायला विसरू नये.

याच काळात घरच्या आजी-आजोबांकडून नक्षत्रांची माहिती आणायला सांगावे. रोहिणीच्या सुमारास धूळवाफ पेरणी, मग मृग, आर्द्रा, पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस, हे सारे मुले उत्साहाने लिहून आणतात. ‘आमच्या वेळी पाऊस वेळेवर यायचा’ हे वाक्यही प्रत्येक वहीत येते. त्याचा अनादर करू नये, पण ते पुरावा म्हणूनही स्वीकारू नये. माणसाला चांगली वर्षे आणि भयंकर वर्षे आठवतात, मधली विसरतात. त्यासाठीच नोंदवही लागते.

बाटलीचा पर्जन्यमापक

दोन लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ खोलगट असतो, म्हणून आत खडे घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरावे आणि त्या रेषेला शून्य मानून पुढे मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. तोंडाचा आणि बाटलीचा व्यास सारखा असल्यामुळे पट्टीवर दिसतो तोच पाऊस. झाड आणि छपरापासून दूर, जमिनीत रोवलेल्या खुंटीला ती बांधावी आणि दररोज सकाळी ८.३० वाजता वाचावी, कारण हवामान खात्याचा २४ तासांचा पाऊसही त्याच वेळेला संपतो. वाचून झाल्यावर पाणी पुन्हा शून्यरेषेवर आणावे.

एक गोष्ट मी स्वतः चुकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. रविवारी आणि चतुर्थीच्या सुटीत वाचन झाले नाही तर त्या रकान्यात शून्य लिहू नये. ‘नोंद नाही’ असे लिहावे. पहिल्या वर्षी आम्ही शून्ये भरली, आणि वहीप्रमाणे सबंध गणेशोत्सवात पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. प्रत्यक्षात आरतीला माणसे छत्र्या घेऊन उभी होती. शाळेजवळ राहणारी तीन-चार मुले पाळीने वाचायला तयार असतात. शाळा सुधारणा समितीतील एखाद्या पालकाला विश्वासात घेतले तर सुटीतही काम चालते.

आकडा हाती आला की त्याला अर्थ द्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तेव्हा ५० चौरस मीटरच्या कौलारू छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर १००० लिटर पाणी पागोळ्यांतून खाली जाते, हे गणित सहावीचे मूल तोंडी करते. २.५ मिलिमीटर झाला की हवामान खाते तो ‘पावसाचा दिवस’ धरते आणि ६४.५ पासून पुढे जोरदार पाऊस मोजते. दुसऱ्या गावातील शाळेशी फोनवरून आकड्यांची देवाणघेवाण ठेवली तर फारच उत्तम, कारण आपल्या एकाच जिल्ह्यात मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला हंगामात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अथणीकडे वर्षाला पाच-सहाशे. गुंडू म्हणतो, ‘माझ्या बिळात पाणी शिरले, म्हणजे सगळ्या जिल्ह्यात चांगला पाऊस झाला.’ त्याला उत्तर द्यायला अथणीचा एक आकडा पुरतो.

चिंचोक्यांचा डाव

आता मुख्य खेळ. मैदानात राखेने दोन वर्तुळे आखावीत, एकात एक. आतले वर्तुळ म्हणजे पृथ्वी, मधला पट्टा म्हणजे हवा आणि बाहेर सारे अवकाश. एक मूल सूर्य होते आणि दर फेरीला पृथ्वीत ८ चिंचोके टाकते. ऊन पट्टा ओलांडून सरळ आत येते, त्याला कोणी अडवत नाही. नंतर पृथ्वीतल्या एकूण चिंचोक्यांपैकी निम्मे बाहेर पाठवायचे (संख्या विषम असल्यास एक आत ठेवायचा), प्रत्येक चिंचोका एका धावणाऱ्याच्या मुठीत. पृथ्वी जितकी तापलेली तितकी ती जास्त उष्णता बाहेर टाकते, हा निसर्गनियम या ‘निम्मे’मध्ये बसवलेला आहे.

पहिला डाव पट्टा रिकामा ठेवून खेळावा. फेरीअखेर पृथ्वीत ४, मग ६, ७, ८ चिंचोके उरतात, आणि त्यानंतर कितीही फेऱ्या केल्या तरी ८ च राहतात. मुलांना हे कंटाळवाणे वाटते. वाटू द्यावे, कारण आत येणारे आणि बाहेर जाणारे सारखे झाले की साठा स्थिर राहतो, ही सबंध विषयाची किल्ली त्या कंटाळ्यातच आहे.

दुसऱ्या डावात पट्ट्यात राखणदार उभे करावेत. आधी पाच-सहा मुलांना हाताची घडी घालून उभे करावे. ती नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हवेत त्यांचे प्रमाण अनुक्रमे ७८ आणि २१ टक्के, पण बाहेर जाणाऱ्या उष्णतेला ती हात लावत नाहीत. मग चार मुले कार्बन डायऑक्साइड म्हणून आणावीत, आणि त्यांनी धावणाऱ्याला शिवायचे. शिवल्यावर नाणे उडवावे : छापा आला तर चिंचोका बाहेर, काटा आला तर परत पृथ्वीत. उष्णता शोषून घेतलेला रेणू ती सर्व दिशांना पुन्हा सोडतो, त्यातली काही खाली येते, म्हणून हे नाणे. साधारण चारांतला एक चिंचोका परत येत असेल तर साठा ८ वरून १०, ११, १२ असा चढतो आणि १२ च्या आसपास थांबतो. इथे शिक्षकाने खेळ थांबवून बाहेर निसटलेले चिंचोके मोजायला लावावेत. ते पुन्हा ८ च भरतात. सूर्याने जास्त काही दिले नाही, बाहेरही तितकेच जाते आहे, तरी पृथ्वीच्या ओंजळीत मात्र जास्त उरले. हे ज्या क्षणी मुलांच्या लक्षात येते, त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते तिच्यासाठी मी हा डाव दरवर्षी मांडतो.

घरची उपमा हवी असल्यास ‘हरितगृह’ या पुस्तकी शब्दापेक्षा वाकळ बरी. वाकळ स्वतः गरम नसते. अंगाची ऊब बाहेर जाण्याला ती अडथळा करते. ही वाकळ मुळात वाईट नाही, हेही सांगावे : ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या जवळ राहिले असते, प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे. प्रश्न तिच्यात नव्याने घातलेल्या थरांचा आहे. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० हून अधिक आहेत. म्हणून तिसऱ्या डावात चार राखणदारांचे सहा करावेत. प्रमाण बरोबर तेच पडते.

मोठ्या मुलांसाठी आणखी दोन नियम घालता येतात. मिथेनचा राखणदार दोन्ही हातांनी शिवू शकतो, पण तीन फेऱ्यांनंतर त्याने पट्टा सोडायचा, कारण मिथेन हवेत दशकभरच टिकतो. कार्बन डायऑक्साइडच्या राखणदाराने मात्र डाव संपेपर्यंत हलायचे नाही. आणि साठा १२ च्या वर गेला की ‘वाफ’ नावाचा एक राखणदार वाढवायचा, कारण हवा एका अंशाने तापली तर तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि बाष्पही उष्णता अडवते. पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने का कोसळू शकतो, याचे उत्तरही याच नियमात आहे.

चिंचोके म्हणजे अंश नव्हेत, हे मात्र बजावून सांगावे. खेळात साठा दीडपट झाला म्हणून पृथ्वी दीडपट तापली असे कोणी घरी जाऊन सांगू नये. प्रत्यक्षात २०११ ते २०२० या दशकाचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. ‘एवढेच?’ असे गुंडू विचारतोच. त्याला सांगावे की ही सरासरी सबंध पृथ्वीची आहे, आणि साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तर समुद्रात मुरलेला आहे.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घातलेली बाटली उन्हात ठेवून ती दुसरीपेक्षा जास्त तापते, असा एक प्रयोग बहुतेक प्रदर्शनांत असतो. तो मी करत नाही. एवढ्याशा बाटलीत दिसणारा फरक बहुतांशी जड वायू आत कोंडून राहिल्यामुळे पडतो, उष्णतेचे किरण अडल्यामुळे नव्हे. म्हणजे उत्तर बरोबर आणि कारण चुकीचे. उष्णतेचे किरण कोणता वायू अडवतो हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये मोजले, त्याला लांब नळी आणि नाजूक उपकरण लागले होते. शाळेत तसे काही नसते, मग चिंचोके बरे.

धूर, पूर आणि भीती

जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत, आणि गळीत हंगामात गुंडू त्या चिमणीकडे बोट दाखवून ‘हीच पृथ्वीला तापवते’ असे म्हणतो. यावर चर्चा चांगली रंगते. पांढरा लोट बराचसा वाफेचा असतो. बॉयलरमध्ये जळते ती उसाची चोयटी, आणि तिच्यातला कार्बन उसाने गेल्या वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो. कोळसा आणि डिझेल यांतला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो हवेत नव्याने भर घालतो. धूर आरोग्याला वाईट असतो हे वेगळे, आणि ऊस आणणारा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हेही मुले स्वतःच काढतात. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, हे सांगताना मात्र शेतकऱ्याच्या मुलाची मान खाली जाईल असा सूर लावू नये.

ऑगस्ट २०१९ च्या पुराविषयी फार जपून बोलावे. चिकोडी, निपाणी, गोकाक, अथणी या भागांत ज्यांच्या घरात पाणी होते अशी कुटुंबे आहेत, आणि ज्या मुलाने बोटीतून घर सोडले त्याच्या हातात पुराचे पत्ते देऊन खेळ मांडणे बरे नव्हे. त्याशिवाय, एखादा पूर केवळ हवामानबदलामुळे आला असे विधान खेळातून सिद्ध होत नाही. सह्याद्रीतला पाऊस, धरणांचा विसर्ग, नदीकाठची बांधकामे अशी बरीच कारणे त्यात गुंतलेली असतात. फाशाची भाषा इथे उपयोगी पडते : कोणती तांबडी बाजू रंगामुळे पडली हे सांगता येत नाही, तांबडे किती वेळा पडते हे सांगता येते.

शाळेत संगणक असल्यास सातवीची मुले हाच डाव स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत बांधू शकतात, पण तो मैदानावर खेळून झाल्यावरच.

शेवटी तपासणीचे. लेखी प्रश्नांऐवजी गुंडूची पाच चुकीची वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकाने एक निवडून त्याला उत्तर द्यावे. उत्तरात एक आकडा किंवा डावातील एक घटना यायलाच हवी, नुसते ‘गुंडू चुकला’ चालत नाही. ओझोनच्या भोकाचे उत्तर अजूनही दोन-तीन वह्यांत येतेच. अशा मुलाला कागदावर लाल रेघ मारण्यापेक्षा पुन्हा वर्तुळात न्यावे, पट्ट्यातून एक राखणदार बाजूला काढावा आणि विचारावे की आता इथे भोक पडले, तर चिंचोके आत जास्त राहतील की बाहेर जास्त जातील. गेल्या खेपेस ज्याला विचारले तो मुलगा बराच वेळ त्या मोकळ्या जागेत उभा राहिला, मग म्हणाला, ‘बाहीर जातील की. मग त्या भोकाचं काय काम?’ अतिनील किरणांचा धडा त्याला दुसऱ्या दिवशी दिला.